न चावणारे बूट

पद्माकररावांच्या घरी नवा बूट आठवडाभर चावणार, हे धरूनच चालत. टाचेला फोड यायचा, श्यामलाबाई त्यावर खोबरेल तेल चोळायच्या, घरातल्या घरात फेऱ्या मारून बूट सैल करायचा, आणि मग कुठे तो आपला झाला असं म्हणायचं. म्हणून इंदिरानगरच्या त्या दुकानात वल्लरीने वाकून, "चावत नाहीत ना, अप्पा?" असं विचारलं आणि पद्माकरराव "छे, अजिबात चावत नाहीत," म्हणाले, तेव्हा पोरीचा चेहरा फुलून आला.

बूट खरंच चावत नव्हते. पण त्या दोन पायांना विंचू चावला असता तरी पद्माकररावांना कळलं नसतं, आणि ही गोष्ट त्यांच्या एकट्याच्याच पोटात होती.

साखर त्यांना जुनीच. मध्यंतरी तळव्यांना मुंग्या यायला लागल्या, मग आग व्हायला लागली, आणि मग ती आग एकदाची थांबली. माणूस किती वेडा पाहा, आग थांबली म्हणून त्यांना बरंच वाटलं होतं. पुढे एक दिवस वाण्याकडून येताना एका पायातली चप्पल वाटेतच राहिली आणि हे तसेच घरी आले. श्यामलाबाईंचं माहेर तीन पिढ्या बेंगळुरूतलं, त्यांच्या तोंडात अर्धं कन्नडच. "अय्यो! एक चप्पल कुठे गेली हो?" त्या दारातच ओरडल्या.

"जुनी झाली होती गं," पद्माकरराव म्हणाले. जुनी झाली होतीच.

ही त्यांची खास रीत. अख्खी नोकरी विमानांच्या सरकारी कारखान्यात, चाचणी विभागात झाली. चुकीचा आकडा आपण कधी कागदावर उतरवला नाही, याचा त्यांना कोण अभिमान! खोटं बोलायचं नाही हे व्रत त्यांनी निवृत्तीनंतरही सोडलं नव्हतं. पूर्ण खरं सांगायचं नाही, याला मात्र त्या व्रतात कुठे मनाई नव्हती. डॉक्टरांनी विचारलं, "पायांना मुंग्या येतात का?" तर हे म्हणाले, "आता येत नाहीत." डॉक्टरांनी मान डोलावली आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. कारखान्यात एखादा काटा शून्यावर बसून राहिला असता, तर याच गृहस्थांनी आधी काटा तपासायला लावला असता. स्वतःच्या पायांना त्यांनी शून्यावर पास करून टाकलं.

आणि हे सगळं कशासाठी? सकाळच्या घटकाभरासाठी.

वल्लरी त्यांची एकुलती एक मुलगी. पुण्याच्या क्षितिजशी लग्न करून तिने बेळ्ळंदूरला संसार मांडला होता, दोघंही आयटीतले. क्षितिजची नोकरी गेली आणि त्याने ते बायकोला सांगितलं नाही. रोज सकाळी लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून "चल, निघतो" म्हणायचा आणि कुठल्याशा मॉलमध्ये जाऊन बसायचा. असं कित्येक महिने चाललं. शेवटी एका लग्नात त्याचा जुना सहकारी वल्लरीजवळ येऊन हळहळला, तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. नोकरी गेल्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. रोज सकाळी दारात उभं राहून आपण ज्याला हात केला तो माणूस कोण होता, या विचाराने ती आतून मोडली. दोन बॅगा घेऊन ती आईबापांकडे आली आणि आल्या आल्या एवढंच म्हणाली, "तुम्ही मला रागवा, बोला, काहीही करा. फक्त माझ्यापासून काही लपवू नका. मला आता ते झेपणार नाही."

त्यानंतर तिच्या तोंडाला जे कुलूप लागलं ते लागलंच. जेवायला बोलावलं की यायची, ताट रिकामं करायची आणि खोलीत जायची. श्यामलाबाई देवापुढे बसून रडायच्या. पद्माकररावांना तेही जमत नसे.

मग ती पहाटे पळायला जाऊ लागली. एकदा पद्माकरराव फाटकापाशी दुधाच्या पिशव्या उचलत होते. बुटाची नाडी बांधता बांधता ती सहज म्हणाली, "येता का, अप्पा?" तिने विहिरीत उडी मारायला बोलावलं असतं तरी ते गेले असते. दुधाच्या पिशव्या कट्ट्यावर टाकून, पायात होते त्या कॅनव्हासच्या बुटांनिशीच ते तिच्या मागे निघाले.

पळताना ती बोलायची! घरात समोरासमोर बसून जी अवाक्षर काढत नसे ती रस्त्याने शेजारी शेजारी पळताना, समोर बघत, धापा टाकत सगळं सांगायची. क्षितिजचं सांगायची, ऑफिसचं सांगायची. एकदा कब्बन पार्कात एका कुत्र्याने पद्माकररावांची टोपी पळवली, तेव्हा ती खळखळून हसली आणि पद्माकररावांना रस्त्यातच रडू फुटेल असं वाटलं. पाय बधिर आहेत असं ते बोलले असते, तर पळणं त्याच दिवशी बंद झालं असतं. पळणं बंद म्हणजे पोरीचं बोलणं बंद. हा हिशोब त्यांनी मनाशी करून टाकला होता, आणि तो एकदा केल्यावर पुन्हा तपासला नाही.

मग वल्लरीने दोघांची नावं शहरातल्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत नोंदवली, आणि कॅनव्हासच्या बुटांवर शर्यत पळायची नसते म्हणून त्यांना इंदिरानगरच्या दुकानात आणलं.

तिथे पवित्रा नावाची मुलगी होती. तिने आधी पद्माकररावांना पळत्या पट्ट्यावर चालवून पाहिलं आणि मग कन्नडमधून समजावलं, की जोड दोन लागतात. रोजच्या सरावाला जाड तळाचा, मार खाणारा. शर्यतीला हलका. हा हलका जोड आधी मोजून तीन-चारदाच घालायचा, पायाची ओळख होण्यापुरता, आणि मग शर्यतीसाठी ठेवून द्यायचा. शर्यतीच्या दिवशी अंगावर कोरं काही चढवायचं नाही, मोजासुद्धा नाही.

सरावाचा जोड तिने रीतसर माप घेऊन दिला, अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडून. पद्माकरराव उभे राहिले आणि मनातून चरकले. पायात काही आहे की नाही, हेच कळेना. खाली बघून खात्री करावी लागली.

"सैल आहेत," ते म्हणाले.

"पळताना पाय सुजतो, सर. जागा लागतेच," पवित्रा म्हणाली. वल्लरीनेही तिचीच री ओढली. तो जोड घेतला गेला.

शर्यतीच्या जोडाला मात्र म्हातारबुवा अडून बसले. एक नंबर कमी मागितला, मग आणखी कमी. शेवटी एका जोडात पाऊल कोंबलं, नाड्या करकचून आवळल्या, आणि कुठून तरी लांबून, भिंतीपलीकडून कुणी हाक मारावी तसं काहीतरी त्यांना पोचलं. हाडापर्यंत दाबल्यावर का होईना, पाय बोलला! "हं, आता कळतंय!" ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. पोरीला वाटलं, शर्यतीच्या कौतुकाने.

पवित्राने बुटाच्या टोकावर अंगठा दाबला. "स्वल्प टाइट आगुत्ते, सर." मग थोडं थांबून म्हणाली, शर्यतीला काही जणांना घट्टच आवडतो, सरांना त्रास होत नसेल तर चालेल. तेव्हाच वल्लरीने वाकून तो प्रश्न विचारला होता, आणि पद्माकररावांनी ते उत्तर दिलं होतं.

"सरी, ठीक आहे," म्हणत पवित्राने खोकं बंद केलं.

आता ठेवणीतला जोड ठेवायचा की नाही? पण त्या दिवसापासून सरावाचे बूट जोड्यांच्या कपाटात पडून राहिले आणि पद्माकरराव रोज शर्यतीचेच घालू लागले. त्यांत त्यांचं पाऊल ठाम पडायचं, तोल जायचा नाही. वल्लरी रागवायची. "अप्पा, ते शर्यतीचे आहेत! झिजवून टाकाल."

"ओळख व्हायला नको का?" ते म्हणायचे.

"एवढी ओळख मी नवऱ्याशीही करून घेतली नव्हती," ती म्हणाली, आणि स्वतःच्याच बोलण्यावर तिला हसू आलं. ती आता अशी थट्टा करायला लागली होती. पद्माकररावांनी त्या हसण्यापुढे पायांकडे पाहिलंच नाही.

एक दिवस धुणं भिजवताना श्यामलाबाईंनी मोजा वर धरला. "हे हो कसलं? डाग जाईना कितीही घासलं तरी."

"कब्बन पार्कात माती लालच आहे," पद्माकरराव पेपरातून डोकं न काढता म्हणाले. माती लालच आहे.

मग ते न्हाणीघरात गेले, कडी लावली आणि बायकोचा हातआरसा पायाखाली धरला. करंगळीच्या मुळाशी कातडी सोलून निघाली होती आणि खाली लालभडक दिसत होतं. बोट लावलं तर काहीच नाही. दुसऱ्याच कुणाचा पाय असावा तसं. त्यांना भीती वाटली, चांगलीच वाटली. पण शर्यत तोंडावर आली होती. शर्यत झाली की डॉक्टरांकडे जायचं, असं त्यांनी ठरवलं, हळद दाबली, पट्टी चिकटवली आणि त्या दिवसापासून आपले मोजे आपणच धुवायला घेतले.

"आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं," श्यामलाबाई म्हणाल्या. एवढ्या वर्षांच्या संसारात नवऱ्याने एक रुमालही धुतला नव्हता. पण पोर हसतेय, नवरा पळतोय, मोजे धुतोय. बिचारीने देवाचे आभार मानले आणि विषय सोडला.

शर्यतीच्या दिवशी वल्लरी त्यांच्यासाठी हळू पळाली. रस्त्याच्या कडेला लोक टाळ्या वाजवत होते, ढोल चालले होते. शेवटच्या वळणावर तिने त्यांचा हात धरला आणि दोघं तसेच कमानीखालून गेले. पलीकडे जाऊन तिने त्यांना घट्ट मिठी मारली. "तुम्ही होतात म्हणून मी उभी राहिले, अप्पा. जे आहे ते सांगणारं एक तरी माणूस घरात आहे म्हणून." पद्माकररावांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. उजवा बूट आतून ओला लागतोय की काय, असं त्यांना उगाच वाटलं. घाम असेल म्हणाले, मनातल्या मनात.

घरी आल्यावर त्यांना हुडहुडी भरली. दुपारी अंग भाजू लागलं. बूट अजून पायातच होते. श्यामलाबाई नाड्या सोडायला बसल्या, उजवा बूट ओढला आणि तोंडाला पदर लावून मागे सरल्या. मोजा पायाला चिकटला होता. तो कसाबसा सोडवला, तर करंगळी काळी पडली होती. "वल्लू!" अशी त्यांनी किंकाळी फोडली, की शेजारच्या अनुसूयाक्का धावत आल्या.

दवाखान्यात आधी दोन बोटं काढली. विष चढतच राहिलं, तेव्हा पुन्हा आत नेलं आणि अर्धं पाऊल काढलं. पद्माकरराव शुद्धीवर आले तर पांघरुणाखालचा उजवा उंचवटा डाव्यापेक्षा ठेंगणा होता. दुखत नव्हतं. आताही दुखत नव्हतं!

वल्लरी पलंगाजवळ बसून असायची. डोळे सुजलेले, केस विंचरलेले नाहीत. "मीच नेलं तुम्हाला दुकानात," ती पुन्हा पुन्हा म्हणायची. "ती मुलगी टाइट आहे म्हणत होती. मी ऐकलं का नाही? मीच पळायला लावलं, मीच बूट घेऊन दिले." तिचं जेवण सुटलं. आईने डबा आणला की झाकण उघडून पुन्हा लावायची. एकदा ती दुकानात जाऊन त्या पवित्राला जाब विचारते म्हणून उठली, आणि दारातच थांबून म्हणाली, "तिला काय विचारू? पैसे तर मी दिले." श्यामलाबाई नवऱ्याच्या कानाशी लागून म्हणाल्या, "पोर स्वतःला खातेय हो. साकु, पुरे आता, म्हणा तिला. काहीतरी बोला तिच्याशी."

आता पद्माकररावांना गप्प बसता आलं असतं. गप्प बसले असते तर पोर जन्मभर बापाचं पाऊल आपल्या डोक्यावर घेऊन फिरली असती, पण बापाला धरून राहिली असती. बोललं तर ती सुटणार होती, पण तिच्या हातून बाप सुटणार होता. दोन दिवस त्यांनी छताकडे बघत काढले. शेवटी त्यांनी बोलायचं ठरवलं, हे त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवलं पाहिजे.

"तुझी काही चूक नाही, वल्लू," ते म्हणाले. ती मोसंबं सोलत होती. "कुठलेही बूट असते तरी हे झालंच असतं. माझ्या पायांना काही कळत नाही. बधिर आहेत. बरेच दिवस झाले."

"बरेच म्हणजे?"

"तू घरी आलीस त्याच्या आधीपासून."

मोसंब्याची साल तिच्या हातात लोंबत राहिली. पद्माकररावांना तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण उभ्या जन्माचा अभिमान असा थोडाच सुटतो? "पण मी खोटं नाही बोललो," ते घाईने म्हणाले. "तू विचारलंस, चावतात का. ते चावत नव्हते गं. खरंच चावत नव्हते."

वल्लरीने मोसंबं ताटलीत ठेवलं. "क्षितिजही कधी खोटं बोलला नाही, अप्पा. निघतो म्हणायचा. निघायचाच की."

"मी तुझ्यासाठी—"

"तोही हेच म्हणाला होता."

ती ओरडली नाही, रडली नाही. तिने हात धुतले, आईने आणलेला डबा उघडला आणि त्या दिवशी पोटभर जेवली. तिच्यावरचं ओझं उतरलं होतं, हे पद्माकररावांना दिसत होतं. तिच्या चेहऱ्यावरून आणखीही काहीतरी उतरलं होतं, तेही दिसत होतं.

ती निघून गेली असती तर एक वेळ परवडलं असतं. ती गेली नाही. औषधं वेळेवर द्यायची, ड्रेसिंगला मदत करायची, व्हीलचेअर ढकलायची. फक्त त्यांना काही विचारणं तिने सोडून दिलं. झोप लागली का, हे नर्सला विचारायची. भूक आहे का, हे आईला. डॉक्टर समोर उभे राहून "कसं वाटतंय?" असं पद्माकररावांना विचारत, तेव्हा ती त्यांच्या तोंडाकडे न बघता उशाशी लावलेल्या तक्त्याकडे बघायची. घरी आल्यावरही तेच. पहाटे फाटक वाजायचं, ती एकटी पळून यायची आणि सरळ न्हाणीघरात जायची. पद्माकरराव पुढच्या खोलीत पलंगावर पडून फाटकाचा आवाज ऐकायचे. आपण पाऊल गमावलं याचं दुःख त्यांना नव्हतंच. त्यांना पोर हवी होती.

घरी सोडताना डॉक्टरांनी एका डबीत नायलॉनचा जाडसर दोरा दिला होता. दर आठवड्याला डाव्या पायाची परीक्षा घ्यायची. पेशंटने डोळे मिटायचे, घरातल्याने दोऱ्याचं टोक तळव्याला ठिकठिकाणी टेकवायचं आणि लागतंय का ते विचारायचं. "जे असेल तेच सांगा," डॉक्टरांनी बजावलं होतं. "तो पाय आता तुमच्या उत्तरावरच वाचायचा आहे."

पहिल्या रविवारी सकाळी वल्लरी डबी घेऊन आली. तिने ती शेजारच्या टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली आणि त्यांचा डावा पाय उशीवर घेतला. स्वयंपाकघरात श्यामलाबाईंच्या कुकरची शिट्टी झाली.

"डोळे मिटा, अप्पा."

त्यांनी मिटले. आता ती विचारणार होती! इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून काही ऐकणार होती. आज असेल तेच सांगायचं, लागलं तर हो, नाही तर नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं आणि सगळा जीव तळव्यात गोळा केला.

"लागतंय?" तिने विचारलं. अगदी हळू, कब्बन पार्कात बोलायची तशा आवाजात.

त्यांनी शोधलं, पुन्हा शोधलं. त्या आवाजात आशा होती. तिला नाही म्हणायचं? आणि खरंच, अंगठ्याच्या खाली काहीतरी हुळहुळल्यासारखं झालं की. झालंच. नक्कीच झालं.

"हो," ते म्हणाले, आणि आनंदाने त्यांचा आवाज फुटला. "लागतंय गं! अंगठ्याच्या खाली. अगदी स्पष्ट लागतंय."

पुढच्या प्रश्नाची वाट बघून शेवटी त्यांनी डोळे उघडले. वल्लरीचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते, आणि दोऱ्याची डबी टेबलावर तशीच बंद होती.